आमच्या घरातली ह्युमिडिटी

ऑगस्ट लागला की अल कुसैसमधल्या आमच्या फ्लॅटच्या काचांना बाहेरून पाणी सुटतं. आत एसी चालू आणि बाहेर समुद्रावरून आलेली कोमट वाफ. सकाळी पडदा सरकवावा तर समोरची बिल्डिंग गायब असते. काचेवरून ओघळ उतरत असतात आणि त्या ओघळांच्या फटींतून खालची मशीद, पार्किंग, शाळेच्या बसची वाट बघणारी मुलं अशी तुकड्या-तुकड्यांनी दिसतात. बिल्डिंगच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं की चष्मा पांढरा होतो. आभाळात ढगाचा पत्ता नसताना लोक गाडीचे वायपर चालवतात.

या हवेला दमट हा चांगला मराठी शब्द आहे, पण इथे तो कोणी वापरत नाही. लिफ्टमध्ये भेटलेला पुण्याचा माणूससुद्धा रुमालाने मान पुसत म्हणतो, "काय ह्युमिडिटी आहे हो आज." तेवढ्यावर संभाषण सुरू होतं आणि तळमजल्यावर संपतं. माझा तर तो पोटापाण्याचा शब्द आहे. मी एअर कंडिशनिंगच्या कंपनीत इंजिनियर आहे. हवेतलं पाणी मोजायचं आणि काढून टाकायचं, हेच काम इतकी वर्षं करत आलो.

आमच्या घरात मात्र या शब्दाला दुसरा अर्थ आहे, आणि तो मी दिलेला आहे. माझ्या बायकोला रात्री जो घाम येतो, त्याला आमच्याकडे ह्युमिडिटी म्हणतात. तसं म्हणायला मी लावलं. ती अजून म्हणते.

नीला पेणची. तिच्या वडिलांचा गणपतींचा कारखाना होता, आणि घरातल्या सगळ्या मुलींमध्ये डोळ्यांची आखणी तिच्याकडे असायची. मूर्तीचं बाकी सगळं कोणीही रंगवावं, पण डोळे सगळ्यांत शेवटी आणि एकाच हाताने व्हायला हवेत. ते काम करताना ती श्वास रोखून धरायची. लग्नानंतर दुबईला आली तरी दर वर्षी पेणहून शाडूची माती यायची. एकदा एअरपोर्टवर पिशवी उघडायला लावली. ही राखाडी भुकटी काय आहे, असं त्या तरुण अधिकाऱ्याने विचारलं. मला घाम फुटला. नीलाने शांतपणे स्वतःच्या गालावर बोट फिरवलं आणि म्हणाली, "मेकअप." तो हसला, "यल्ला, यल्ला," म्हणाला, आणि गणपती दुबईत शिरला. ही गोष्ट ती प्रत्येक पाहुण्याला सांगायची. आता सांगत नाही.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात तिच्या बोटांनी काम सोडायला सुरुवात केली. पहिल्यांदा सकाळी अंगठी निघेना. मग बाटलीचं झाकण, दाराची कडी, सईच्या युनिफॉर्मचं बटण. सई आमची मुलगी, तेव्हा दुसरीत होती. कणीक मळता येईना म्हणून आम्ही खालच्या बेकरीतून खुबूस आणू लागलो. भाजीबरोबर खुबूस खाताना सई खूश असायची. "बाबा, धिस इज बेटर दॅन चपाती," ती म्हणायची, आणि नीला हसायची. तासभर कोमट पाण्यात हात बुडवून बसल्याशिवाय तिची मूठ वळायची नाही, हे मला दिसत होतं. बाईमाणसाला वाताचं दुखणं असतंच, असं मी स्वतःला सांगितलं.

मग घाम सुरू झाला. उन्हाळ्यात सगळ्यांना येतो तसा तो नव्हता. एसी सुरू असताना, मी पांघरूण ओढून झोपलेलो असताना, तिच्या बाजूची चादर पिळून काढावी इतकी भिजायची. तिच्या मानेखाली, पाठीच्या पन्हाळीत, गुडघ्यांच्या मागे पाणी साचायचं. उठून गाऊन बदलायची, कोरड्या जागेवर सरकायची आणि पुन्हा भिजायची. आणि त्या ओल्या अंगावर एसीचा वारा लागला की मनगटं अशी धरायची की तिला स्वतःचा हात दुसऱ्या हाताने उचलून बाजूला ठेवावा लागे. एसी लावला तर सांधे धरणार, बंद केला तर घामाने न्हाऊन निघणार. माझ्यासारख्या माणसाला हे कोडं सोडवता यायला हवं होतं. लोकांच्या मॉलमधली आणि ऑफिसांमधली हवा मी हव्या त्या आकड्यावर आणून देत होतो. घरी थर्मोस्टॅट खाली-वर करण्यापलीकडे मी काही केलं नाही.

उपाय तिने काढले. जुनी सुती पातळं फाडून त्यांच्या चादरी केल्या, कारण त्या पाणी शोषतात आणि लवकर वाळतात. खाली जाडा टॉवेल. उशाशी तीन गाऊन घड्या घालून ठेवलेले. त्यांना बटणं नव्हती, कारण काळोखात सुजलेल्या बोटांनी बटणं लागत नाहीत. पाण्याचा तांब्या असा ठेवलेला की तो दोन्ही तळव्यांत धरून उचलता यावा. आणि हातांवर सईचे लोकरीचे मोजे. अंगात पातळ गाऊन आणि हातांत मोजे अशा वेषात ती झोपायची. सईला वाटायचं, मम्मा पपेट शोची प्रॅक्टिस करते. कधी कधी सकाळी नीला खरंच ते हात हलवून तिला नाक आणि तोंड करून दाखवायची. मी तेव्हा दाढी करत असायचो. आरशात ते दोन मोजे हललेले मला दिसायचे.

मी डॉक्टरकडे का नेलं नाही, याचं उत्तर मी आजवर वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळं दिलं आहे. कामाचा लोड होता, सईची परीक्षा होती, इथले डॉक्टर उगीच टेस्ट करतात. खरं उत्तर असं, की रात्रीचा घाम मी लहानपणी पाहिलेला होता. आमची धाकटी काकू अशीच भिजायची, अशीच वाळत गेली. तिची ताट-वाटी वेगळी झाली आणि नंतर ती खोलीसकट वेगळी झाली. आमच्या घरात क्षय हा शब्द कोणी उच्चारत नसे. "तिला रात्री घाम येतो" एवढंच म्हणत आणि सगळ्यांना समजे.

नीलाचा व्हिसा माझ्या स्पॉन्सरशिपवर होता आणि तो वर्षाच्या शेवटी रिन्यू व्हायचा होता. रिन्यूअल म्हणजे मेडिकल, मेडिकल म्हणजे छातीचा एक्स-रे. छातीवर डाग निघाला की माणसाची परत रवानगी होते, हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं. आमच्याच मजल्यावरचा एक केरळी टायपिस्ट असा गेला. सोमवारी लिफ्टमध्ये होता, पुढच्या आठवड्यात त्याच्या दारात दुसऱ्याच कोणाच्या चपला होत्या. मी मनातल्या मनात नीलाच्या छातीवर तो डाग उमटवून टाकला होता. तिला जावं लागेल, सई तिच्याबरोबर जाईल, मी बॅचलर म्हणून कुठल्या तरी खोलीत जाईन. अल ऐनला एका मोठ्या प्रोजेक्टवर माझं नाव लागलेलं होतं, आणि त्याच्या आड काही यायला नको होतं. हेही लिहून टाकतो. माझी भीती सगळीच प्रेमापोटी नव्हती.

शेवटी गुडघे सुजून तिला बिल्डिंगच्या दारातल्या दोन पायऱ्या उतरता येईनात तेव्हा जवळच्या क्लिनिकमध्ये नेलं. डॉक्टरीणबाई हैदराबादच्या होत्या. हसऱ्या, घाईतल्या. नीलाचे हात त्यांनी दाबून पाहिले, उलटेसुलटे केले, आणि त्यांचा चेहरा किंचित बदलला. मग त्या प्रश्न विचारू लागल्या. बुखार आता है? वजन कम हुआ? नीला उत्तरं देत होती. पुढचा प्रश्न आला.

"रात को पसीना आता है?"

नीलाने तोंड उघडलं होतं. तिच्या आधी मी बोललो.

"वो तो ह्युमिडिटी है, डॉक्टर. बेडरूम के एसी का ड्रेन चोक है."

मी आणखीही बोललो. कॉइलवर पाणी कसं धरतं, पॅन भरला की खोलीत ओल कशी राहते, हे सगळं नीट समजावून सांगितलं. धंद्यातलं ज्ञान इतक्या सफाईने मी कुठल्या क्लायंटसमोरही मांडलं नसेल. डॉक्टरीणबाई हसल्या. "आप एसीवाले, और आप ही के घर में?" मीही हसलो. त्यांनी रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या आणि दुखण्यावरच्या गोळ्या दिल्या. बाहेर आल्यावर तपासण्यांचा कागद मी घडी करून खिशात ठेवला आणि नीलाला सांगितलं, "रिन्यूअल होऊन जाऊ दे. मग सगळं करू. तोवर घामाचं कुठे बोलू नकोस. तुझ्या बहिणीजवळही फोनवर नको."

ती गाडीत बसली. सीटबेल्ट तिला लावता येत नव्हता, तो मी लावला. "मग काय म्हणू?" तिने विचारलं. चेष्टा नव्हती त्यात. खरंच विचारत होती.

मी म्हणालो, "ह्युमिडिटी म्हण."

तिने म्हटलं. बहिणीचा पेणहून फोन आला की सांगायची, "बरी आहे गं. झोप नाही लागत एवढंच. इकडे ह्युमिडिटी फार." सकाळी मी दबक्या आवाजात विचारायचो, "रात्री ह्युमिडिटी होती का?" ती सांगायची, "दोनदा." आम्ही दोघं हवामान खात्याची माणसं झालो होतो. एका सकाळी सई काचेवर बोट फिरवत म्हणाली, "बाबा, द विंडो इज स्वेटिंग." मी तिला इतक्या तोडून म्हणालो, "घाम नाही तो. ह्युमिडिटी आहे," की तिने बोट मागे घेतलं.

चादरींचा प्रश्न होता. आमच्या बिल्डिंगमध्ये निम्मे लोक माझ्याच कंपनीतले. रोज एक चादर बाल्कनीत दिसली असती तर कोणीतरी विचारलं असतं. म्हणून मी बाल्कनीत वाळत घालायला मनाई केली. आमचं वॉशिंग मशीन जुनं, त्यात पिळून निघत नसे, आणि मनगटांनी पिळणं तर तिला शक्यच नव्हतं. तेव्हा ती बाथटबमध्ये उभी राहून, भिंतीला टेकून, चादर पायांनी तुडवायची. एकदा मी दारातून पाहिलं. घोटेही सुजलेले होते. मला बघून ती म्हणाली, "काही नाही. गणपतीची माती तुडवतेय." मग त्या चादरी आतल्या खोलीत दोरीवर, पंख्याखाली. घरभर ओल्या कापडाचा कुबट वास भरला. पाहुणे आले की म्हणायचे, तुमच्याकडे ओल येतेय. तेव्हा आमच्या घरात खरोखरच ह्युमिडिटी होती. मीच तयार केलेली.

त्या वर्षी गणपती सप्टेंबरच्या सुरुवातीला आले. माती आलेली होती. मी म्हणालो, यंदा तयार मूर्ती मागवू. तिने ऐकलं नाही. माती तिने तळव्यांनीच दाबली, बोटं वापरलीच नाहीत, त्यामुळे मूर्ती बसकी आणि जाड झाली, पण गोड होती. रंगही कसेबसे झाले. मग डोळे. ब्रश तिने मुठीत धरून पाहिला, मोजा घालून पाहिला, अंगठ्याला रबरबँडने बांधून पाहिला. शेवटी मला म्हणाली, "अहो, माझं मनगट धरा. दाबू नका, नुसतं धरा." मी धरलं. ते गरम होतं आणि त्याच्या आत काहीतरी फुगलेलं होतं. तिने श्वास रोखला. रेघ अर्ध्यात आली आणि मनगटातून एक कळ गेली. मला माझ्या हातात ती कळली. रेघ खाली गेली. डावा डोळा अर्धा मिटलेला झाला.

तिने तो पुसला नाही. ब्रश पाण्यात ठेवला आणि उठून गेली. डोळे दुसऱ्या हाताने करायचे नसतात, म्हणून मीही हात लावला नाही.

आरतीला आमच्या ओळखीची चार-पाच मराठी कुटुंबं जमली. एका गृहस्थांना विनोदाची हौस होती. ते मूर्तीकडे वाकून बघत म्हणाले, "वहिनी, यंदा बाप्पाला झोप आलेली दिसतेय." सगळे हसले. नीला प्रसादाची वाटी दोन तळव्यांत धरून उभी होती.

"ह्युमिडिटी," ती म्हणाली.

लोक आणखी हसले. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती.

ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर आला. दुबईत त्या दिवसांत हवा इतकी सुरेख असते की माणूस सगळं विसरतो. लोक खिडक्या उघडतात, मुलं रात्रीपर्यंत खाली खेळतात, काचा कोरड्या आणि स्वच्छ असतात. आमच्याकडे दोरीवरच्या चादरी तशाच होत्या. मी सकाळी विचारणं सोडून दिलं, कारण त्या हवेत तो शब्द मलाच ऐकवेना. तिने मात्र सोडला नाही. थंडीचा स्वेटर घालून, मोजे काढत, कोरड्या ठणठणीत काचेकडे बघत ती आपणहून सांगायची, "आज तीनदा ह्युमिडिटी होती." साध्या आवाजात, कुठलाही सूर न लावता. त्यात टोमणा होता की नव्हता, हे मी विचारू शकलो असतो. विचारलं नाही.

मेडिकलच्या दिवशी मी बाहेर गाडीत बसून होतो आणि माझ्या आईने शिकवलेली होती नव्हती ती सगळी स्तोत्रं म्हणत होतो. रिझल्ट आला. छाती स्वच्छ. फिट. मी मिठाई आणली, घरी नाचायचा बाकी राहिलो. नीला सोफ्यावर बसली होती. तिला त्या दिवशी कंगवा धरता आला नव्हता, केस सुटेच होते. मी पेढा तिच्या तोंडाशी नेला. तिने तो खाल्ला आणि म्हणाली, "म्हणजे मी फिट आहे."

"हो," मी म्हणालो. काय बोलत होतो याचं भान मला नव्हतं.

त्यानंतर मी तिला अबुधाबीला सांध्यांच्या एका मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. ते मूळचे लखनौचे, वयस्क, हळू बोलणारे. रिन्यूअलनंतर करून घेतलेल्या तपासण्या त्यांनी पाहिल्या, हातांचे एक्स-रे प्रकाशासमोर धरले. ऱ्हुमेटॉइड आर्थ्रायटिस, ते म्हणाले. शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठलेलं असतं. मग त्यांनीही तो प्रश्न विचारला, त्याच शब्दांत. "रात को पसीना आता है?"

मी या वेळी गप्प बसलो. नीलाने माझ्याकडे मान वळवली आणि थांबली. परवानगी घेत असावी तशी. डॉक्टरांच्या ते लक्षात आलं. ते मला अतिशय सभ्यपणे म्हणाले, "आप ज़रा बाहर बैठिए."

मी बाहेर बसलो. दार जाड होतं, काही ऐकू आलं नाही. बराच वेळ लागला. मला आत बोलावलं तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि चेहरा हलका झालेला होता. डॉक्टरांनी मला समजावलं. हा घाम कधी कधी या आजाराचाच असतो. आत जाळ पेटलेला असतो, तो रात्री असा बाहेर येतो. बाकी कारणं त्यांनी तपासून पाहिली होती. आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या सुरू केल्या, त्यांनी जाळ कमी होईल. जी बोटं वाकायला लागली आहेत ती मात्र सरळ होतील असं त्यांना वाटत नव्हतं. "थोड़ा पहले आते," असं म्हणून ते थांबले. वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मीही ते आजपर्यंत पुरं होऊ दिलेलं नाही.

परतीच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना सपाट वाळू. मी म्हणालो, मला वाटलं होतं टीबी असेल. तुला परत पाठवतील म्हणून मी... नीला समोर बघत म्हणाली, "तुम्हाला वाटलं टीबी आहे, आणि तरी तुम्ही मला डॉक्टरांकडे नेलं नाहीत."

एवढंच. पुढे कधी तिने हा विषय काढला नाही, भांडली नाही, माहेरी सांगितलं नाही. मी मात्र त्या वाक्याच्या आत राहतो आहे. मी तिला मरणाचं दुखणं आहे असं समजलो होतो, सई त्याच घरात तिच्या कुशीत झोपत होती, आणि मी एसीच्या ड्रेनबद्दल बोललो. ते दुखणं निघालं नाही, यात माझं काही कर्तृत्व नाही.

गोळ्यांनी घाम कमी झाला. काही महिने तो येतच नाही, मग आजार उसळला की पुन्हा येतो. सई आता पुण्यात कॉलेजला आहे, फोनवर विचारते, "मम्मा, हाऊ आर द हँड्स?" आणि मम्मा सांगते, "आहेत." नीलाच्या वेण्या मी घालतो, कणीक मी मळतो, बटणं मी लावतो. हे सगळं मी फार मन लावून करतो आणि त्याचा काही उपयोग नाही, हे आम्हा दोघांना माहीत आहे. अबुधाबीला दर तीन महिन्यांनी जातो. मी बाहेर बसतो. डॉक्टर बदलले, आता तसं कोणी सांगत नाही, तरी नीला दाराशी थांबून सांगते, "तुम्ही बसा इथेच." गणपती तयार येतो. त्याचे दोन्ही डोळे सारखे असतात. ती त्याच्याकडे क्षणभर बघते आणि समई लावायला मला सांगते.

या ऑगस्टमध्ये पुन्हा काचांना पाणी सुटलंय आणि तिचा आजार पुन्हा उसळलाय. आज सकाळी ती उठून गेल्यावर मी तिच्या बाजूच्या चादरीवर हात ठेवला. ओली होती. मी तिच्याकडे गेलो. ती स्वयंपाकघरात कोमट पाण्याच्या भांड्यात हात घालून बसली होती. मी खूप वर्षांनी तो शब्द वापरला. म्हणालो, "नीला, रात्री घाम आला होता का?"

ती पाण्यातल्या हातांकडे बघत राहिली.

मी चादर काढली, धुतली, पिळली. नवं मशीन आहे, तरी हातांनी पिळली. आणि बाल्कनीत गेलो. कठड्यावर चादर पसरली, चांगली पूर्ण उलगडून, अख्ख्या बिल्डिंगला दिसेल अशी. समोरच्या बाल्कनीतून कोणीतरी हात केला. मीही केला. चष्म्यावर वाफ धरली होती, कोण ते दिसलं नाही. चिमटे लावत मी उभा राहिलो. का कोण जाणे, मला वाटलं, ती बाहेर येईल, बघेल.

ती दारापर्यंत आली. ओले हात पदराला पुसत होती, वाकडी बोटं एकेक करून.

"आत घ्या ती," ती म्हणाली. "तिथे नाही वाळायची."

"का?" मी विचारलं.

"ह्युमिडिटी आहे."

आणि ती खरंच होती. मी चिमटे काढायला लागलो.